भोक सापडलं, पण कुठं?

टोटेस गेबिर्गेच्या पठारावर पाऊल टाकलं की पहिली शंका हीच येते, की ही माणसं इथं नेमकं शोधतायत तरी काय? ज्याच्यासाठी ती आली आहेत ते तर इथं दर दोन पावलांवर आहे. भोक. लहान भोक, मोठं भोक, उभं, आडवं, तिरकं. ज्यात नुसता पाय अडकेल असं, आणि ज्यात आमची सोसायटी पार्किंगसकट मावेल असंही. भोकांचा एवढा सुकाळ असताना ब्रिटनमधून, जर्मनीतून आणि खुद्द ऑस्ट्रियातून दर उन्हाळ्यात माणसं रजा टाकून, पदरचे पैसे खर्चून, पाठीवर दोर आणि डोक्यावर हेल्मेट घेऊन इथं नवी भोकं शोधायला येतात. त्यांतलीच एक माझी भाची निघाली, म्हणून हा प्रकार मला जवळून पाहता आला. नाहीतर ऑस्ट्रियात आलेला मराठी माणूस व्हिएन्नात राजवाडा बघतो, साल्झबुर्गला मोझार्टच्या घरासमोर फोटो काढतो, आणि जमलं तर हालश्टाटच्या तळ्याकाठी ‘काय ती स्वच्छता!’ असं म्हणून परततो. भोकात डोकं घालणं कुठल्याच सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतं.

भाची ग्राझला नोकरी करते. आमच्या घराण्यात भुयारात शिरायची परंपरा नाही. विहिरीत उतरलेले एकटे आजोबा, तेही बादली पडली म्हणून. ही मुलगी आपल्याकडं असताना शनिवार-रविवार सह्याद्रीत भटकायची. तिकडं गेल्यावर आधी आल्प्स चढली, मग कुणाच्या तरी ओळखीनं एका गटाबरोबर आल्प्सच्या आत उतरली, आणि आता डोंगराच्या बाहेरच्या बाजूत तिला फारसा रस उरलेला नाही. ‘वरून काय मामा, सगळेच बघतात,’ असं ती म्हणते. वरून बघण्यातसुद्धा ज्याचे गुडघे बोलतात अशा माणसानं यावर काय उत्तर द्यायचं?

टोटेस गेबिर्गे म्हणजे मेलेले डोंगर. श्टायरमार्क आणि अप्पर ऑस्ट्रिया या दोन प्रांतांच्या हद्दीवर ही रांग पसरली आहे. तिचं सर्वांत उंच शिखर ग्रोसर प्रील 2,515 मीटरचं. आम्ही होतो ते तिच्या दुसऱ्या टोकाला, लोझर नावाच्या 1,838 मीटरच्या डोंगरामागच्या पठारावर. पठार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं कास येतं, मसाई येतं. सपाट, गवताळ, चार माणसं पाय पसरून डबा खातील असं. इथं पाय पसरायला तर सोडाच, दोन्ही पाय एका पातळीवर ठेवायलाही जागा नाही. सगळा करडा-पांढरा कातळ, पावसानं चिरत चिरत धारदार केलेला. त्यावर तोल सावरायला हात टेकायचा तर हातमोजे हवेत.

हे डोंगर मेलेले का, तर वर पाणी नाही म्हणून. पाऊस मुबलक, बर्फ त्याहून मुबलक, पण ओढा नाही, झरा नाही, साधं डबकं मिळायची मारामार. पडलेलं पाणी जिथल्या तिथं खाली गडप होतं. वर मुक्काम करणारी मंडळी ताडपत्री ताणून पावसाचं पाणी बादलीत धरतात. खाली आल्टाउसेचं निळंशार तळं दिसत असतं, आणि वर माणसं चहाच्या कपाला विसळू की नको अशा विचारात असतात. दोष चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, आणि आंबट पाण्यापुढं चुनखडीचा निभाव लागत नाही. फट मिळाली की पाणी शिरतं, शिरलं की फट रुंदावतं, रुंदावली की आणखी पाणी येतं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. तो झिजतो, फुटतो, पण असा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडं घळी आहेत, कपारी आहेत, आणि ज्याला खरोखर खोल गुहा हवी होती त्याला छिन्नी-हातोडा घेऊन ती कोरावी लागली. इथल्या डोंगरानं ते कंत्राट पाण्याला दिलं, मुदत घातली नाही, नकाशा मागितला नाही. त्याचे परिणाम आता लोक दोरावर लोंबकळत तपासतायत.

ही चुनखडी साधारण 21 कोटी वर्षांपूर्वी एका उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचली. त्या समुद्रातले मोठमोठे शिंपले तिच्यात अडकून राहिले, आणि आता कातळ झिजला की त्यांचे आडवे काप वर दिसतात: दोन पाकळ्यांचे, बदामासारखे, पुढं निमुळते. गावातले लोक त्यांना पूर्वापार गाईची पावलं म्हणतात. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा खाली बसूनच पाहिले. चातुर्मासात आई उंबऱ्याशी रांगोळीनं गोपद्मं काढायची, हुबेहूब ती. फक्त इथं कुणीतरी तेहतिसाच्या हिशेबाला न जुमानता डोंगरभर काढत सुटलं होतं. माझे हात नकळत जोडले गेले असावेत, कारण मागून आवाज आला, ‘मामा, शिंपले आहेत ते. नमस्कार काय करतोस? चल, पाऊस येईल.’

तर भोकं. भोक आणि गुहा यांत फरक आहे, आणि ऑस्ट्रियन माणसानं तो व्यवस्थित कागदावर आणला आहे. देशभरातल्या गुहांची एक नोंदवही आहे. डोंगररांगांचे भाग पाडून प्रत्येकाला आकडा दिलाय. आमच्या पठाराचा आकडा 1623. त्यापुढं तिरकी रेघ आणि मग त्या गुहेचा स्वतःचा नंबर. नोंद व्हायची तर गुहा किमान 5 मीटर लांब हवी. 50 मीटरपर्यंत लहान, 500 पर्यंत मध्यम, 5,000 पर्यंत मोठी, आणि त्यापुढची राक्षसी. अशा 17,000 हून जास्त गुहांची नोंद या देशात आहे. 5 मीटरच्या आतलं जे काही असेल ते नुसतं भोक. त्याला नंबर नाही, नाव नाही, समाजात स्थान नाही. एखाद्या देशाचा स्वभाव कळायला त्याची राज्यघटना वाचावी असं म्हणतात. मी म्हणेन, गुहेची व्याख्या वाचावी.

या पठारावर केंब्रिज विद्यापीठाच्या गुहा-क्लबची मुलं 1976 पासून येतायत. त्या वर्षी आलेली मुलं आता नातवंडांची झाली असतील, पण क्लबात कायम विशीतलीच मुलं असतात, त्यामुळे मोहीम काही म्हातारी होत नाही. 1983 मध्ये त्यांना एक भोक सापडलं, 1623/161. त्याचं नाव पडलं सशाची गुहा, आणि हा ससा पुढं किलोमीटरच्या किलोमीटर पळत राहिला. 1999 मध्ये 204 नंबरची दगडी पुलाची गुहा. दगडी पूल म्हणजे आपलं नेढं. पोहणं, पळणं, झोपणं यांपैकी फक्त झोपणं जमेल एवढा त्याखाली आडोसा, म्हणून तिथंच मुक्काम. बाकीची नावंही अशीच: बाल्कनीची गुहा, माशाच्या तोंडाची गुहा, एक्स्प्रेस गाडीची गुहा. नाव ठेवायचा हक्क सापडवणाऱ्याचा, आणि सापडवणारा बहुधा दमलेला, भुकेला आणि बाविशीतला असतो. देवाधर्माची, राजेरजवाड्यांची नावं ठेवायला लागणारं गांभीर्य त्या वेळी अंगात नसतं.

गंमत अशी की वरून वेगवेगळी दिसणारी ही भोकं आत जाऊन एकमेकांना मिळतात. कित्येक गुहा एकमेकींना जोडल्या जाऊन इथं खाली आता 100 किलोमीटरहून कितीतरी लांबीचं एकच जाळं ठरलं आहे. पलीकडच्या श्योनबर्गच्या पोटात 2007 मध्ये दोन मोठ्या गुहांची अशीच गाठ पडली, आणि ते जाळं आता 150 किलोमीटरच्या पुढं गेलं आहे. म्हणजे दादरला आत शिरून स्वारगेटला बाहेर यावं एवढं, पण सरपटत, गारठ्यात, आणि वाटेत वडापाव नाही.

आता हे शोधायचं कसं? मला वाटलं होतं यंत्रं असतील. यंत्रं आहेत, त्यांच्याकडं येतो. पण मुख्य काम पायांचं आणि मानेचं. चार-पाच जणांनी दहा-पंधरा पावलांचं अंतर ठेवून एका ओळीत उभं राहायचं, आणि ओळीतच पुढं सरकायचं. प्रत्येकानं आपल्या पट्ट्यातलं प्रत्येक भोक वाकून बघायचं. दिसायला सोपं. पण मध्येच लाचेन नावाच्या खुरट्या पाइनची रानं लागतात. हे झाड वर वाढायच्या ऐवजी आडवं पसरतं. त्याच्या फांद्यांवरून चालावं लागतं, आणि फांदीखाली जमीन आहे की 1623 पैकी काही आहे, हे पाय खाली गेल्यावर समजतं. या झाडात शिरलेला माणूस दिसत नाही, फक्त त्याच्या शिव्या ऐकू येतात. शिव्या तीन भाषांत होत्या. चौथीची भर मी घातली.

ओळीतून अधूनमधून आरोळी येते: ‘इथं एक आहे!’ सगळे थांबतात. मग खडखड, दगड गडगडल्याचा आवाज, शांतता, आणि मग: ‘नाही. बंद.’ पठारावरची बहुतेक सगळी संभाषणं या दोन वाक्यांत संपतात. भोक असतं, झकास असतं, पण दोन-तीन मीटर खाली गेल्यावर दगडगोट्यांनी किंवा बर्फाच्या बुचानं बंद झालेलं असतं. बर्फाच्या बुचाची आणखी एक तऱ्हा. ते एका वर्षी असतं, दुसऱ्या वर्षी खचतं, तिसऱ्या वर्षी पुन्हा भरतं. त्यामुळे ‘बंद’ हा शेरा इथं कधीच कायमचा नसतो. अलीकडं उन्हाळे तापू लागल्यापासून जुनी बुचं खचून वाटा मोकळ्या झाल्याची उदाहरणं वाढली आहेत. पृथ्वीचं काय व्हायचं ते होवो, गुहेवाल्यांची तेवढ्यापुरती चंगळ आहे. हे ते बोलून दाखवत नाहीत, पण बुचाकडं बघताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

उभ्या विवरात दगड टाकायचा आणि मोजायचं. 3 सेकंदांनी आवाज आला तर विवर साधारण 40 मीटर खोल, आवाजाला वर यायला लागणारा वेळ धरून. हिशेब शाळेतलाच. पण दगड सोडल्यावर सगळेच इतके भराभर मोजतात की 10 मीटरचा खड्डासुद्धा पाताळाला टेकतो. शिवाय दगड मध्येच कडेवर आपटून रेंगाळतो, तेही खोलीत धरलं जातं. संध्याकाळी तंबूत ऐकलेल्या खोलीतून निम्मी वजा करावी आणि मग झोपावं.

खरी खूण मात्र दगड नाही. वारा. डोंगराच्या आत वर्षभर एकच तापमान असतं, इथं शून्याच्या जेमतेम वर. उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार, म्हणून जड. ती खालच्या तोंडातून बाहेर सांडते, आणि तिची जागा भरायला वरची तोंडं हवा आत ओढतात. हिवाळ्यात सगळं उलटं: आतली हवा उबदार ठरते आणि वरच्या तोंडातून बाहेर निघते. म्हणून काही जण कडाक्याच्या थंडीत स्की लावून पठारावर फिरतात. सगळीकडं पांढरं असताना बर्फात एखादं गोल छिद्र वितळलेलं दिसलं, त्यातून वाफ येताना दिसली, की तिथं खाली काहीतरी आहे. आणि लहानसहान नाही. एवढी हवा हलवायची तर आत पोकळी मोठी लागते. भोकाचा आकार फसवतो, वारा फसवत नाही. हातभर रुंद फट जोरात ओढत असेल तर ती, सोसायटी मावणाऱ्या पण निपचित पडलेल्या खड्ड्याहून मोलाची.

या कामासाठी भाचीनं माझ्याकडून पुण्याहून उदबत्त्या मागवल्या होत्या. मला आपलं वाटलं, परदेशात राहून मुलीला देवाची आठवण झाली. बहिणीनंही समाधानानं दोन पुडे जास्त दिले, मोगरा. त्यांतली पहिली काडी मी पेटलेली पाहिली ती एका घळीच्या तळाशी, जुन्या बर्फाच्या ढिगाऱ्यामागं. दोन कातळ एकमेकांवर रेलले होते, त्यांच्या सांध्यात दगडगोटे भरलेले, आणि गोट्यांच्या वर वीतभर फट. भाची पोटावर झोपली, आधी गाल लावला, मग ओला ओठ. समाधान होईना. तिनं काडी पेटवली, फुंकर मारून विस्तव केला आणि फटीसमोर हात स्थिर धरला. धूर बोटभर सरळ वर गेला. मग थबकला. मग मान मोडल्यासारखा एकदम आडवा झाला आणि फटीत शिरला, अगदी शेवटच्या तंतूपर्यंत, बाहेर वास म्हणून राहिला नाही. कुणी काही बोललं नाही. तिनं काडी दोन इंच मागं घेतली. धूर पुन्हा वर. पुढं नेली; पुन्हा आत. ‘ओढतंय,’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे होतं ते मी तिच्या लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं. तिच्या गटातला एक ऑस्ट्रियन, दाढीवाला आणि फार काटेकोर, त्यानं हुंगून विचारलं की हा कसला वास. मी म्हटलं, मोगरा. त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि सांगितलं की पलीकडच्या गुहेत कुणाला हा वास आला तर जोड सिद्ध होईल. तो थट्टा करत होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण या सगळ्या खटाटोपात भोक सापडणं ही लहान गोष्ट आहे. सापडलेलं भोक पुन्हा सापडणं ही मोठी. पठारावर तासभर फिरलं की पटतं. सगळं एकसारखं. मागं वळून बघितलं की आत्ता ज्यातून आलो ते कुठलं, हेही सांगता येत नाही. जुन्या वह्यांत ठिकाणांची वर्णनं असतात: मोठ्या शिळेच्या डावीकडं, तीन झाडांच्या पुढं, बर्फाच्या पट्ट्याखाली. बर्फ दुसऱ्या वर्षी नसतो, झाडं तिनाची पाच झालेली असतात, आणि मोठी शिळा म्हणाल तर अख्खं पठार हीच एक मोठी शिळा. होकायंत्रानं दोन-तीन शिखरांचे कोन मोजून ठेवायचे, हा चांगला उपाय; धुकं नसेल तर. मग कातळावर तांबड्या रंगानं नंबर रंगवायचे. रंग उडतात, 161 चा 16 होतो. म्हणून आता भोकाशेजारी कातळात छिद्र पाडून धातूची पट्टी ठोकतात. तरीही अशी भोकं आहेत ज्यांच्यावर नंबर आहे पण वहीत नोंद नाही, आणि अशा नोंदी आहेत ज्यांचं भोक पठारावर भेटत नाही. काही भोकं तर दोनदा, तीनदा ‘नवी’ सापडली आहेत, प्रत्येक वेळी तेवढ्याच आनंदानं.

जीपीएस आलं तेव्हा वाटलं, सुटलो. पण 2 मे 2000 पर्यंत अमेरिकन लष्करानं सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळून ठेवली होती, शंभर मीटरपर्यंतची. शंभर मीटरांत आमच्याकडं पठारावर भोकांची एक अख्खी वाडी बसते. आता ती अडचण उरली नाही. आता विमानातून लेसर मारून केलेले जमिनीचे नकाशे आहेत, त्यांवर झाडं पुसून उघडी जमीन दिसते, आणि भोकांच्या जागी काळे ठिपके. हिवाळ्यात घरी बसून, कॉफी पीत, हे ठिपके गोळा करता येतात. भाचीनं मला तो नकाशा दाखवला. ठिपके बघून मला गरगरलं. ठिपक्याखाली दोन मीटरवर दगड आहेत की दोनशे मीटर पोकळी, ते लेसरला कळत नाही, आणि वीतभर फट तर त्याला दिसतच नाही. म्हणजे पुन्हा पाय आणि मान.

पत्ता हरवण्याची यातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र ऑस्ट्रियातली नाही; काळ्या समुद्राकाठच्या अबखाझियातली आहे. अराबिका नावाच्या तिथल्या चुनखडीच्या पठारावर 1968 मध्ये सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कच्या मंडळींना एक विवर सापडलं. ते 115 मीटर उतरले, तिथं थांबले, खूण केली, गेले. 1982 मध्ये मॉस्कोच्या पेरोवो क्लबच्या लोकांना तेच विवर सापडलं, आणि त्यांनी त्याला आपला वेगळा नंबर घातला. पुढं 440 मीटरपर्यंत पोचून काम थांबलं. दरम्यान अलेक्सांद्र व्हेरियोव्हकिन हा त्यांच्यातला एक पाणबुड्या 1983 मध्ये दुसऱ्या एका गुहेत पाण्याखाली मरण पावला होता. 1986 मध्ये या गुहेला त्याचं नाव दिलं. मग कित्येक वर्षं ती तशीच. शेवटी 2015 मध्ये आत एक नवी उभी वाट मिळाली, आणि दोन-तीन वर्षांत ती मंडळी थेट 2,200 मीटरच्या खाली उतरली. माहीत असलेल्या गुहांत ती आज जगातली सर्वांत खोल. तिचं तोंड किती मोठं? एखाद्या खोलीएवढं, 3 मीटर बाय 4. अशा तोंडाशी किती जणांनी दगड टाकला असेल, बूट झटकला असेल, बसून बिस्किटं खाल्ली असतील.

आणि या पहिल्यांदा सापडण्याचंही मला जरा हसूच येतं. आल्प्सच्या पठारांवर गुहेवाल्यांच्या आधी शिकारी होते, गुराखी होते. कुठल्या भोकात हरणाचं पाडस पडलं आणि कुठल्या भोकातून उन्हाळ्यात गार वारा येतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फक्त नंबर घातला नाही. अजिंठ्याचंही तेच. शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला लेणी ‘सापडली’ आणि त्यानं दहाव्या लेण्यातल्या चित्रावरच नाव आणि तारीख कोरली, 28 एप्रिल 1819. खाली लेणापूर नावाचं गाव होतं. लेणी माहीत नसलेल्या लोकांनी गावाला लेणापूर नाव ठेवलं असेल असं मानायला मन धजत नाही. स्मिथची पट्टी तेवढी चुकीच्या जागी बसली. इथले लोक निदान ती भोकाबाहेरच्या दगडावर ठोकतात. कोकणच्या सड्यावर कातळशिल्पं शोधणारी आपली मंडळी मला म्हणूनच शहाणी वाटतात. ती आधी गुराख्याशी बोलतात. सड्यावरसुद्धा पायाखाली सगळा कातळ सारखाच दिसतो, आणि तिथंही सापडलेलं दुसऱ्या दिवशी गवतात हरवतं.

टोटेस गेबिर्गेच्या पायथ्याशी तिकीट काढून शिरता येणारंही एक भोक आहे: आल्टाउसेची मिठाची खाण. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी युरोपभरून लुटलेली चित्रं आणि शिल्पं तिच्यात आणून कोंडली होती. व्हॅन आइक बंधूंचं गेंटचं वेदीचित्र, मायकेलअँजेलोची ब्रूजची मॅडोना. तिथं वाटाड्या असतो, दिवे असतात, घसरायला गुळगुळीत लाकडी घसरगुंडी असते. मी भाचीला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, ‘मामा, ती तर सापडलेली आहे.’

उदबत्तीच्या फटीपाशी तोवर दगड उपसणं सुरू झालं होतं. तासाभरात वीतभराची हातभर झाली. भाची हेल्मेट काढून, डोकं आडवं करून आत गेली. तिचे बूट बाहेर, मग बूटही आत. आतून आवाज आला की थोडं पुढं बसता येतं, पण मागं पुन्हा दगड आहेत आणि वारा त्या दगडांतून पलीकडं जातोय. दाढीवाल्यानं लेसरचं मोजायचं यंत्र आत दिलं. लाल ठिपका माझ्या बुटाजवळून आत गेला. 4 मीटर 70.

इथून पुढं जे झालं ते मी आपल्याकडं फक्त जमिनीच्या मोजणीत पाहिलं आहे. भाचीचं म्हणणं, गुहा बाहेरच्या मोठ्या गोट्यापासून मोजावी, तो मूळचा छताचाच भाग होता. दाढीवाल्याचं म्हणणं, छत आज जिथं सुरू होतं तिथून मोजावी. पूर्वी काय होतं ते इतिहासात लिहावं. भाची म्हणाली, मग आतले दोन दगड काढू. तो म्हणाला, जरूर काढावेत, त्यासाठी पहार लागेल आणि पहार खाली गाडीत आहे. तिसरा एक इंग्लिश मुलगा तोवर शेंगदाण्यांचं पाकीट फोडून बसला होता. त्यानं सुचवलं की आज 4 मीटर 70 लिहावं आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढावं. दाढीवाल्याच्या मते प्रश्नचिन्हाला लांबी नसते.

तेवढ्यात लोझरच्या बाजूनं ढग आला. आधी दोन टपोरे थेंब, मग एकदम गारा, हरभऱ्याएवढ्या, हेल्मेटवर ताशा वाजवत. पठारावर आसरा नाही, झाड म्हणायला लाचेन. दाढीवाल्यानं वही शर्टात घातली आणि सगळ्यांत आधी आत शिरला. त्याच्यामागं भाची, मग शेंगदाण्यांसकट इंग्लिश मुलगा. ‘मामा, ये, पाय दुमडून घे!’ असं आतून ओरडणं चाललं होतं. नोंदवहीत न बसणाऱ्या त्या गुहेत आम्ही चौघं बसलो. माझे पाय तेवढे 30 सेंटिमीटर बाहेर राहिले, आणि दाढीवाल्यानं ते मान वाकवून, अगदी नीट पाहिलं.